ऑटिलीबाईंच्या पायाशी

१४ ऑगस्ट

एकदाचं ठरलं! ऑटिलीबाईंचा पुतळा ओढ्याकाठीच बसणार, पुलाच्या अलीकडे, जंगलाची चढण सुरू होते तिथे. नगराध्यक्ष ब्युर्कना तो नगरपालिकेच्या दारात हवा होता, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला 'हे मी केलं' म्हणून दाखवायला बरं. मी म्हटलं, "ब्युर्क, तिथे तुमची गाडी उभी असते, ती कुठे ठेवणार?" गप्प बसले. हे ब्युर्क माझ्या हाताखाली दुसरीत होते, तेव्हाही असेच गप्प बसायचे.

आख्खी नोकरी या गावच्या शाळेत काढली आणि दर वर्षी पोरांना विचारत आले, ऑटिली राउशर कोण? एकालाही सांगता यायचं नाही. अरे, ज्या कंदाला मेंढपाळ भिऊन काठीने उपटून फेकायचे, तो कंद आपल्याच गावच्या औषधवाल्याच्या मुलीने घरात आणला, बापाच्या तराजूवर कणाकणाने तोलला आणि त्यातून गाउटची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या त्या दुखण्याची, गोळी काढली. मापातली गोळी. त्याआधी त्या कंदाच्या काढ्याने माणसं जशी बरी व्हायची तशी मरायचीही. आणि तिच्या नावाची हाझलबाखमध्ये साधी गल्ली नाही!

माझा नवरा आल्विन म्हणाला, "हेडबाई, पुतळा उभा राहिला की पहिला गुच्छ माझा. तिची गोळी नसती तर मला जन्मात बस चालवता आली नसती." खरं आहे. त्याच्या पायाचा अंगठा एकदा सुजला की चादर लागलेलीही सोसत नाही. गोळी पोटात गेली की महाराज पुन्हा चालायला तयार.

१ सप्टेंबर

समितीची बैठक. डोकं अजून तापलंय.

पुतळ्याभोवती काय लावायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, ज्याने बाईंना मोठं केलं तेच. शरदकेशर. त्याच कंदाची फुलं, जांभळी, शेकड्यांनी. सगळ्यांनी माना डोलावल्या, एक हॉर्नुंगबाई सोडून. या हॉर्नुंगबाई म्हणजे सध्याच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण. औषधशास्त्रातल्या डॉक्टर, उत्तरेकडून आलेल्या. बोलणं कोरडं, हसणं नाहीच.

"तिथे नको," त्या म्हणाल्या. "शरदकेशराची फुलं येतात आत्ता. पानं येतात वसंतात, तेव्हा फूल नसतं. नुसती पानं, अगदी रानलसणासारखी. आणि त्याच ओढ्याकाठी सगळं गाव खायला रानलसूण तोडतं."

"हाझलबाखच्या पोराला चालता येण्याआधी रानलसूण ओळखता येतो," मी म्हटलं. "पान चोळायचं, वास घ्यायचा. लसणाचा वास आला की झालं. मी स्वतः शिकवलंय तीन पिढ्यांना."

"पहिलं पान चोळलं की वास हातालाच लागतो, क्यीनलेबाई. मग पुढे कुठलंही पान चोळा, वास लसणाचाच येणार. वाटीभर पानं पोटात गेली तर माणूस जातो."

मी म्हटलं, "इतकी वर्षं कोण गेलं, नाव सांगा." लोक हसले. शेवटी ब्युर्कनी तोडगा काढला, रोपं लावायची आणि वसंतात नगरपालिकेने एक पाटी लावायची. पाटी! स्मारकाला! मला मेलीचा हेतू कळतो. पुतळा तिच्या दुकानासमोर हवा होता, तो मिळाला नाही, म्हणून ही मिरची.

७ ऑक्टोबर

झालं अनावरण! देवा, काय दिवस होता.

बँडवाले आले, मुलांनी गाणं म्हटलं, जिल्ह्याहून दोन साहेब आले. कापड ओढलं आणि ऑटिलीबाई उभ्या. हातात छोटा तराजू, मान जरा खाली, तोलताना घालतात तशी. आणि पायाशी चारी बाजूंनी जांभळी फुलं, एक पान नाही, मातीतून थेट फूल. सूर्य नेमका त्याच वेळी बाहेर आला. माझं भाषण चालू होतं, पण मी बाईंकडेच बघत राहिले आणि एक उतारा राहूनच गेला. राहू दे.

नणंदबाई पुढच्याच रांगेत. लोरे म्हणजे आल्विनची मोठी बहीण, शेजारच्याच घरात एकटी राहते. जिभेला हाड नाही. मोठ्याने म्हणाली, "काय गं रोसी, एवढ्या थोर बाईभोवती या उघड्या पोरी उभ्या केल्यास? एकीच्या अंगावर पान म्हणून नाही!" साहेब पण हसले. मी सगळ्यांदेखत तिच्याकडे पाहिलं नाही.

आल्विनने गुच्छ ठेवला. लाल दिवा असला की रिकाम्या रस्त्यावरही थांबून राहणारा माझा नवरा आज चक्क दोरी ओलांडून आत गेला आणि पुतळ्याच्या हाताला हात लावून आला. परत येऊन म्हणाला, "थंडगार आहेत गं बाई."

११ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय? बर्फ, खोकला आणि आल्विनचा अंगठा.

आज सकाळी खिडकी उघडली तर सगळ्या दरीला लसणाचा वास. आला रानलसूण! आता बघायचं, टोपल्या घेऊन गाव कसं चोरपावलांनी निघतं ते. प्रत्येक घराची आपली एक जागा, आणि ती कोणी कोणाला सांगत नाही. लोरेची जागा तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हती, बिचारा तसाच गेला. आल्विनची चढणीवर कुठेतरी आहे एवढंच मला ठाऊक. संसार झाला एवढा, पण विचारलेलं नाही. विचारणं हे आमच्याकडे कोणाच्या ताटात हात घालण्यासारखंच.

ऑटिलीबाईंच्या पायाशीही हिरवंगार झालंय. माझ्या फुलांची पानं आणि ओढ्याकडून सरकत आलेला रानलसूण, सगळं एकमेकांत. सुंदर दिसतं. मोठ्या चमकदार पानांची दुलईच पसरलीय जणू.

२६ मार्च

लागली पाटी. पिवळी जर्द, वर कवटी, खाली 'विषारी रोपे, तोडू नयेत'. आणि कुठे, तर बरोबर बाईंच्या पोटासमोर! फोटो काढावा तर आधी कवटी दिसते, मग ऑटिलीबाई. घरी येऊन आल्विनला सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं.

आल्विन अंगठा उशीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "अगं, पाटी आहे म्हणजे काहीतरी असेल. उगाच कोण लावतं?" या माणसाला पाटी म्हणजे देववाक्य. आयुष्यभर पाट्या बघून बस चालवली ना.

दुसरी बातमी. चढणीची वाट बंद केलीय. अ‍ॅश झाडांना रोग लागलाय, वाळक्या फांद्या डोक्यात पडतात म्हणे. खालपासून वरपर्यंत लाल-पांढरी फीत. गावात रडारड, रानलसूण आणायचा कुठून! आल्विनचं तोंड एवढंसं झालं.

३ एप्रिल

नगरपालिकेतून फोन. सुंदर गावांच्या स्पर्धेची परीक्षक मंडळी शनिवारी येणार, आणि पहिल्यांदा स्मारक बघणार! ब्युर्क म्हणाले, "क्यीनलेबाई, माहिती तुम्हीच द्यायची." म्हणजे काय, दुसरं कोण देणार?

५ एप्रिल

मी पाटी काढली.

लिहून ठेवते, कारण मला त्यात काही चोरीचं वाटत नाही. दुपारी गेले, आल्विनचा पाना नेला, दोन नट सैल केले, पाटी शालीत गुंडाळली आणि गाडीत टाकली. पूल रिकामा होता. आता ती गॅरेजमध्ये हिवाळी टायरांच्या मागे आहे. सोमवारी परत लावेन, दोन नटांचा तर प्रश्न. ब्युर्कना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं की ते बैठक बोलावतात.

बाई आता कशा मोकळ्या दिसतात!

६ एप्रिल

परीक्षक तिघे. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना ऑटिलीबाईंचं नाव ठाऊक होतं! मी तिच्या गळ्यातच पडणार होते. तिने विचारलं, "पायाशी काय लावलंय?" मी म्हटलं, "बाईंचं काम लावलंय." छान बोलले ना? तिने लिहून घेतलं. जेवण नगरपालिकेतच झालं, मग कॉफी, मग पुन्हा कॉफी, घरी यायला संध्याकाळ झाली.

दारातच वास. आल्विन स्वयंपाकघरात एप्रन लावून उभा, अंगठा बरा, गाल लाल, लोरे टेबलाशी. "आज हेडबाईंचा दिवस म्हणून माउलटाशन," म्हणाला. कणकेच्या घड्या त्याने स्वतः लाटून, मांस, पाव आणि रानलसणाचं सारण भरून उकडल्या होत्या. सारण हिरवंगार. मला घासभरही जागा नव्हती, पोट नगरपालिकेच्या खाण्याने तट्ट. रागावला जरा. मग म्हणाला, "बरं, मी तुझ्या वाटचेही खातो."

लोरेने दोनच खाल्ले. "कडसर झालेत रे."

"एप्रिलचा रानलसूण जून असतो, कडसर लागायचाच."

"आणलास कुठून? वाट तर बंद आहे."

"लोरे!" तो म्हणाला. "हे विचारतात का?" आणि डोळे मिचकावून माझ्याकडे बघत राहिला, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

फार बरं वाटलं आज. असा दिवस फार वर्षांनी आला.

७ एप्रिल

रात्र वाईट गेली. पहाटेपासून आल्विनला उलट्या, जुलाब, थांबायचं नाव नाही. भिंतीपलीकडून लोरेचाही तोच आवाज. गावात पोटाचा काहीतरी ताप फिरतोय, शाळेतली निम्मी पोरं घरी आहेत म्हणे. तोच असणार.

दुपारी औषधाच्या दुकानात गेले. रविवारी बंद असतं, पण आज तातडीच्या औषधांची पाळी हॉर्नुंगबाईंची होती. दाराला छोटी खिडकी आहे, तिच्यातून देतात.

"मीठ-साखरेच्या पुड्या द्या. उलट्या होताहेत."

"कोणाला?"

"आल्विनला. आणि लोरेलाही."

"दोघांना एकदम? काल काय खाल्लं?"

"माउलटाशन."

"रानलसणाचे?"

"एप्रिलमध्ये आणखी कसले असतात हो?"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेरच काढलं. "पानं कुठून आणली?"

इथली असती तर हा प्रश्न विचारलाच नसता. मला काय ठाऊक कुठून आणली! पण त्या क्षणी मला ती गॅरेजमधली पाटी दिसली, का कोण जाणे. तोंडातून गेलं, "चढणीवरून. नेहमीसारखी."

"चढण बंद आहे."

"बंद व्हायच्या आधी. फ्रीजमध्ये होती."

"नक्की, क्यीनलेबाई?"

"तुम्ही औषध विकता की चौकशी करता?" मी म्हटलं. पुड्या दिल्या. वर म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर इस्पितळात न्या. उतार पडला तरी न्या." हे काय बोलणं झालं? उतार पडल्यावर कोण नेतं?

तसं मी खोटं बोलले असं नाही. मला माहीतच नव्हतं, तर खोटं कसं? सगळ्या गावात ओरड झाली असती, परीक्षकांचा निकाल यायचाय, आणि हे सगळं पोटाच्या एका साध्या तापासाठी.

लोरेला तिची लेक हायडरोझे येऊन घेऊन गेली. नर्स आहे ती, तिच्याकडे बरी राहील.

८ एप्रिल

थांबलं! आल्विनला सकाळपासून एकही उलटी नाही. टोस्ट खाल्ला, चहा घेतला. गालावर रंग आहे. म्हणाला, "हेडबाई, तुझे परीक्षक आले त्या दिवशी मी नापास झालो." हा विनोद करायला लागला म्हणजे बराच झाला. हॉर्नुंगबाईंना फोन करून सांगावंसं वाटलं, बघा तुमचा उतार.

फक्त लघवी होत नाही म्हणतो. पाणी कमी पडलं असणार.

संध्याकाळ

हायडरोझेचा फोन. "मामी, आईला इस्पितळात ठेवून घेतलंय. रक्त बघून डॉक्टर चेहरा वाकडा करताहेत. मामाला घेऊन ये, आत्ता."

"अगं, तो बरा आहे. टोस्ट खाल्लाय."

"मामी, घेऊन ये. आणि विचार त्याला, पानं कुठली."

फोन ठेवला आणि विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. आल्विन हसायला लागला. "सांगू? तुझ्या बाईच्या पायाशी. अगं काय दाट आहे तिथे! सकाळी गेलो, म्हटलं पाटी आहे तर परत फिरावं. बघतो तर पाटीच नाही. नगरपालिकेने काढलीय म्हणजे आता काही नसणार. चोळून वास घेतला की, प्रत्येक पानाचा. नुसता लसूण. तुला सांगणार होतो, पण तू जेवलीच नाहीस."

मीही हसले. मग गॅरेजमध्ये गेले आणि टायरांच्या मागे पाहिलं. होती तिथेच.

आता बसून विचार करतेय. वास घेतलाय त्याने, प्रत्येक पानाचा. विष असतं तर आज बरा कसा वाटला असता? विष काय एक दिवस सुट्टी घेतं? आणि आत्ता गाडी काढून नेलं तर तिथे पहिला प्रश्न तोच, पानं कुठली. मग पाटी कुठे गेली. मग ब्युर्क. आल्विन स्वतःच म्हणतो, "उद्या बघू, दमलोय." झोपलाय शांत. उद्या सकाळी पहिलं काम, पाटी लावायची. मग इस्पितळ.

९ एप्रिल

सकाळी उठवायला गेले तर त्याला पाय उचलता येईनात. श्वास लागलेला. मला म्हणाला, "बस सुटली का गं?"

रुग्णवाहिका आली. डॉक्टरने विचारलं, मी सांगितलं. पुतळ्याच्या पायाशी. तो लिहीत राहिला.

पाटी लावायची राहिली.

१० एप्रिल

हा डॉक्टर तरुण आहे आणि फार सभ्य. म्हणाला, "याला उतारा नाही, क्यीनलेबाई. आम्ही फक्त साथ देऊ शकतो." मी विचारलं, सोमवारी रात्री आणलं असतं तर? रविवारी आणलं असतं तर? म्हणाला, "रविवारी विष शोषायला कोळसा पाजला असता. वाचलेच असते असं सांगत नाही. गाउटची गोळीही चालू होती ना त्यांची? एकाच कंदाचं, दोन्ही."

काचेतून दिसतो. नळ्याच नळ्या. मी त्याला तिथून ओरडून सांगितलं की निकाल चांगला लागणार आहे. काय बोलले मी ते मलाच कळत नाही.

११ एप्रिल

आल्विन गेला.

१७ एप्रिल

काल दफन झालं. बसवाल्यांनी खांदा दिला. हॉर्नुंगबाई आल्या होत्या, मागे फाटकाशी उभ्या, काळा कोट. माझ्याकडे आल्या नाहीत. आल्या असत्या तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्यांनी कोणाला काही सांगितलेलं दिसत नाही. का सांगत नाहीत? मला त्यांची भीती वाटते. रस्त्यात त्यांचा कोट दिसला तरी मी गल्ली बदलते.

आज ब्युर्क घरी आले. टोपी हातात, खुर्चीच्या टोकावर. स्पर्धेचा निकाल लागलाय, रौप्यपदक. "हे आत्ता सांगू नये, पण..." म्हणाले. मग खरं बोलणं आलं. "पाटी टवाळ पोरांनी उपटली असणार. वर्तमानपत्राला तसंच सांगतोय. रोपं काढून खडी टाकू, पुतळा राहील. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही, क्यीनलेबाई. तुमचंच तर सगळ्यात जास्त गेलंय."

मी मान हलवली. त्यांना ती 'हो' वाटली. मलाही तेव्हा तीच वाटली.

२२ एप्रिल

लोरे परत आली. हायडरोझेने दारापर्यंत सोडलं, पण लोरे म्हणाली तू गाडीत बस. आत येऊन आल्विनच्या खुर्चीत बसली. निम्मी झालीय. डोक्याला रुमाल. तो सोडला तर रुमालाबरोबर केसही आले, मूठभर.

"परत येतात म्हणे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, दोनच खाल्लेत म्हणून जगलात."

मी कॉफी टाकली. तिने घेतली नाही.

"रोसी, एक विचारू? त्या रविवारी पुड्या आणायला तू गेली होतीस. हॉर्नुंगबाई मला खोकल्याच्या औषधालाही विचारते, रानलसूण खाता का, कुठून आणता. पार कान किटवते. तुला नाही विचारलं?"

आता वाटतं, 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. हॉर्नुंगबाई बोलल्या नव्हत्या. ब्युर्कची बातमी छापून आली होती. माझ्यावर सगळं गाव दया करत होतं, रोज कोणीतरी केक आणून देत होतं.

"विचारलं," मी म्हटलं.

"मग?"

"चढणीवरून, म्हणून सांगितलं. बंद व्हायच्या आधीची, म्हणून सांगितलं. पाटी मी काढली होती, लोरे. पोरांनी नाही. गॅरेजमध्ये आहे."

मी म्हटलं, बोल, शिव्या दे, काहीतरी दे. तिने रुमाल मांडीवर पसरला, त्यातले केस एकेक करून वेचले.

"तू दुकानात होतीस तेव्हा तो काय करत होता?"

"कोचावर होता. उशी पोटाशी धरून. मी निघाले तर हाक मारून म्हणाला, लोरेसाठीही आण गं, विसरू नकोस."

तेव्हा तिचा चेहरा मोडला. रुमाल डोक्याला बांधायला गेली, गाठ काही बसेना. मी उठून पुढे झाले, टोकं धरायला.

"हात लावू नकोस," लोरे म्हणाली.

रुमाल तिने टेबलावर ठेवला आणि उघड्या डोक्यानेच बाहेर गेली. गाडी तिच्या दाराशीच उभी होती, तरी ती गाडीकडे वळली नाही. हायडरोझे हाका मारत मागे धावली. लोरे रस्त्याच्या मधून, सगळ्या गावादेखत, नगरपालिकेकडे चालत होती.